नाव नसलेली शेजारीण

चिचतळा,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय जया,

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण तुझं पोस्टकार्ड आलं. चारच ओळी. "आई इथे जगत नाही. कोरपन्यात तिला तलाव दिसत नाही, कापूस दिसतो आणि सिमेंटची धूळ. तिला घरी यायचं आहे. ती गावात सुखानं राहू शकेल का, एवढंच खरं खरं कळव."

खरं खरं म्हणालीस, म्हणून उशीर झाला. मला अजून रोज डायरी लिहायची सवय आहे. कॉलेजात तू माझी त्यावरून टिंगल करायचीस. डायरीत मी "मीरामावशी येऊ शकतील" असं लिहिते आणि खोडते. "नाही येऊ शकत" असं लिहिते, तेही खोडते.

तुमच्या घराला कुलूप आहे. दोडक्याचा वेल छपरावर चढून वाळला. कोणी काढला नाही, कारण कोणी त्या बाजूला जात नाही. रंजीताचा रोशन जाऊन तीन महिने झाले, तरी बायकांच्या तोंडी तेच आहे. सात वर्षांचं पोर संध्याकाळी तुमच्या ओट्यावर खेळत होतं, मावशींनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, ते घरी गेलं, जेवलं, झोपलं. पहाटे पोट दुखतं म्हणून उठलं. पापण्या मिटायला लागल्या. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. डॉक्टर म्हणाले मण्यार असेल, झोपेत चावते, खूण सापडत नाही. गावानं विचारलं, "साप चावला तं दात कुठी हायेत?" दात नाहीत म्हणजे करणी. पोर मांडीवर घेऊन रंजीता ओरडली, "बुढीनं हात लावला होता!" आणि पुढच्या मोठ्या मासेमारीला तलावाच्या पाळीवर मावशींच्या घरचा वाटा पडला नाही.

वाटा न पडणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पाण्यात कोणी उतरो न उतरो, विधवेचं घर असो की आजाऱ्याचं, मासळीचा ढीग प्रत्येक घराचा मांडतात. ज्या घराचा मांडला नाही ते घर गावात नाही. दुसऱ्या दिवशी मावशी तुझ्याकडे निघाल्या. त्यांना कोणी हाकललं नाही, असं गाव म्हणतं.

मी एक करून पाहते आहे. दरवर्षी शिंगाडे निघाले की दुपारी समाजमंदिरात बायका उकडलेले शिंगाडे सोलत बसतात आणि मी त्यांना दिवाळी अंकातली गोष्ट वाचून दाखवते. या वर्षी मी अंकात माझे स्वतःचे कागद घातले आहेत. गोष्ट मीच लिहिते आहे, पण त्यांना छापलेली म्हणून सांगते. दूरच्या एका गावातली म्हातारी कुंभारीण आहे, सोना. शेजारच्या घरातलं मूल तापानं जातं, शेजारीण म्हणते सोनानं नजर लावली, आणि गाव सोनाला तोडतं. उपदेश केला तर या बायका उठून जातील. पण त्या सोना झाल्या, दहा दुपारी सोनाच्या घरात राहिल्या, तर मावशींच्या घराकडे त्यांना वेगळं पाहता येईल. असं होतं, असं मी वाचलं आहे. माझ्या बाबतीत झालेलंही आहे.

थोडे दिवस दे. मग खरं उत्तर देते.

तुझी,
कुंता

३ डिसेंबर

प्रिय जया,

रडल्या! सगळ्या रडल्या. मला कोणाला तरी सांगायचं आहे आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगू.

आज सोनाची मडकी फोडतात तो भाग होता. मी वाचत होते आणि चाकूंचा आवाज थांबला. आशाबाई तर पदर तोंडाला लावून बसल्या. ज्या आशाबाईंनी ऑगस्टमध्ये तुमच्या दारावर लिंबू टाकलं, त्याच. "मेली शेजारीण," म्हणाल्या, "तिच्या तोंडात माती पडो. बिचाऱ्या सोनाचं कोणीच नाई."

त्यांची नवी सून आचल म्हणाली, "बाई, दोन पानं जादा वाचा ना आज. घरी गेली का सासू सिरीयल लावते, मले आपल्या मनाचं काई पाह्यता येत नाई."

"सासूचे कान इथीच हायेत, आचल," आशाबाई रडता रडता म्हणाल्या.

"म्हणून तं इथी बोलली. घरी बोलली असती तं जेवाले भेटलं नसतं."

सगळ्या हसल्या, नाकं पुसली, पुन्हा सोलायला लागल्या. बोटं काळी झालेली, डोळे लाल. मला वाटलं, झालं आपलं काम. रंजीताही होती, दाराजवळ. ती रडली नाही. मान खाली घालून सोलत होती. मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होते, हे मी तुला सांगितलं पाहिजे. तिला लागतं आहे का हे मी पाहत होते.

परतताना आशाबाई माझ्याबरोबर होत्या, कडेवर थोरल्या मुलाकडचा नातू. तुमचं घर आलं तसं त्यांनी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रस्त्याच्या पलीकडून चालायला लागल्या.

मी म्हटलं, "काऊन वो आशाबाई, आता तं सोनासाठी रडत होत्या?"

"हाव. मंग? सोना निरपराध होती."

"आन् मीराबाई?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी अगदी बालिश विचारलं. "ते गोष्ट हाये, बाई. हे खरं हाये."

बहुतेक मीही असंच वाचत आले आहे. पुस्तकातल्या कितीतरी बायकांसाठी मी रडले, आणि ते रडणं मला पुरलं. त्या दिवशीपुरती मी चांगली बाई झाले, आणि मग उठून चहा केला.

पण सोडत नाही. अजून बरीच गोष्ट बाकी आहे. मावशी जेवतात का? त्यांना सुके झिंगे पाठवू का, की माझ्या हातचं त्या घेणार नाहीत?

कुंता

१७ डिसेंबर

प्रिय जया,

घाईत लिहिते. आशाबाई सकाळीच घरी आल्या होत्या, चहासुद्धा नको म्हणाल्या.

"रातभर माह्या डोक्यात तेच फिरून राह्यलं," म्हणाल्या. "सोनाच्या जागी मी राह्यली असती तं? मीबी किती लेकराईच्या डोक्यावरून हात फिरवते. उद्या एखांद्याले काई झालं तं माह्यावर आणतीन ना. सोनानं काई नाई केलं, तं मीराबाईनंबी कायले करावं?"

मी त्यांच्यापुढे पाट सरकवला. बोलले असते तर बिघडलं असतं. दुपारी त्यांनी स्वतःच हे सगळ्यांसमोर म्हटलं आणि दोघीतिघींनी माना हलवल्या. आचल म्हणाली, "मले तं पहिलेच वाटे." (तिचं लग्नच दिवाळीनंतर झालं, पण असो.) आशाबाई घरच्या पुरुषांशीही बोलल्या. मासेमारी संस्थेचे अध्यक्ष दादाजीभाऊ त्यांचे दीर. ते म्हणाले, "पाहू." दादाजीभाऊंचं "पाहू" म्हणजे निम्मं "हो", हे तुला माहीत आहे.

जया, होतंय. मला वाटतं संक्रांतीपर्यंत मी तुला "पाठव" असं लिहू शकेन.

रंजीता तीनचार दिवस आली नाही. तिला गोष्ट लागली असेल. लागू दे, असं मला वाटलं. मावशींना जे लागलं त्याच्या मानानं हे काय.

कुंता

८ जानेवारी २०२५

जया,

मागच्या पत्राचा शेवट मला परत घ्यायचा आहे. पोस्टातून परत घेता येत नाही.

रविवारी मोठं जाळं टाकलं होतं. कटला, रोहू, मरळ, मासळी बरीच निघाली. मी नेहमीप्रमाणे ढिगांशी उभी राहून एकेका घराचं नाव घेत होते. सासरे गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे, लिहायचं त्यात काही नसतं, पण शिकलेली म्हणून गावानं दिलं. नाव घेतलं की त्या घरची बाई टोपली घेऊन येते, ढीग भरते आणि जवळची कोणीतरी तिला टोपली डोक्यावर उचलून देते. भरलेली टोपली एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. उचलून द्यायला कोणाला सांगावं लागत नाही, जी जवळ असेल ती वाकते.

रंजीता आली तशी आशाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आली पाहा शेजारीण."

माझ्या गोष्टीतला शब्द. मला कळायला वेळ लागला. कोणीतरी हसलं. दुसरी कोणी म्हणाली, "बुढीवर आळ घेतला ना इनं, आता इची कूस कायची उजवते." आणि रंजीतानं टोपली भरली तेव्हा तिच्या आजूबाजूच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. ती उभी राहिली. इकडे तिकडे पाहिलं. मग वाकून टोपली पाळीवरून ओढत नेली, मासे सांडत.

मी पुढचं नाव घेतलं. जया, मी पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

दुपारी ती माझ्या घरी आली. चपला बाहेर काढून ओट्यावरच बसली, आत ये म्हटलं तर आली नाही.

"कुंताबाई, ते पुस्तक दाखवा."

"कोणतं?"

"ज्याच्यात सोनाची गोष्ट हाये. मी सातवीलोक शिकली, मले येते वाचता."

मी दिवाळी अंक आणून दिला. दुसरं काय करणार होते. तिनं अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, मग पानं उलटत गेली, पाककृती, राशिभविष्य, सगळी. घाई नव्हती तिला.

"नाई हाये याच्यात."

"नाही. मी लिहिली आहे."

ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं अंक मिटून बाजूला ठेवला. "मंग तुमालेच इचारते. सोनाले नाव हाये. सोनाच्या बकरीलेबी नाव हाये. लेकरू शेजारणीचं मेलं, आन् तिले नाव काऊन नाई देलं?"

मी अंक उचलून हातात घेतला.

"दहा दिस मी तुमची गोष्ट आयकली. मी वाट पाहे का आता ते शेजारीण घरात जाईन, त्या लेकराचा सदरा घडी करून ठेवन, काईतरी करन. ते फक्त दारात उभी राहून बोंबलते. तुमच्या गोष्टीत तिले घरच नाई."

"रंजीता, मला तुझ्याबद्दल..."

"मले बोलू द्या. मी एकडाव ओरडली. तवा माहं लेकरू मांडीवर होतं. का ओरडली, मले माहीत नाई. त्याच्यानंतर मी कोणाले काई नाई म्हणलं. मांत्रिकाकडे मी नाई गेली, दादाजीभाऊ गेले. लिंबू मी नाई टाकला. पाळीवर मी नव्हती, मी घरी पडून होती. बुढीचं नाव कोणं सोडलं?"

"मी."

"हाव. मले अंकुशनं तवाच सांगतलं होतं." अंकुश म्हणजे तिचा नवरा, तो त्या दिवशी ढीग मांडणाऱ्यांत होता. "मंग तुमच्या गोष्टीत ते बाई कुठी हाये?"

ती उठून गेली. चपला घालताना तिनं ओट्याला हात टेकला, तेव्हा मला दिसलं की ती किती वाळली आहे.

आता तुला कळलं. कदाचित मावशींनी आधीच सांगितलं असेल, कदाचित नसेल. नसेलच सांगितलं, त्या तशा नाहीत. "वाटा पडला नाही" असं मी नोव्हेंबरात लिहिलं होतं, जसा काही तो आपोआप पडायचा राहिला. मीच नाव घेतलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. मावशींच्या घराचा नंबर आला तेव्हा मी दादाजीभाऊंकडे पाहिलं, त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आणि मी पुढच्या घराचं नाव घेतलं. मावशी रिकामी टोपली घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांनी मला लहानपणी याच तलावात पोहायला शिकवलं. त्यांनी टोपली पालथी करून काखेत धरली आणि गेल्या.

मण्यार मला माहीत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं मीच गावाला समजावून सांगत होते. तरी त्या क्षणी माझ्या मनात आलं, खरंच असलं तर? माझी सून तेव्हा पोटुशी होती. एवढं पुरलं. बी.ए. झालेल्या बाईला तेवढं पुरलं.

आणि नंतर मी गोष्ट लिहिली. तिच्यात एक निष्पाप म्हातारी घातली, एक वाईट शेजारीण घातली आणि "गाव" घातलं. मला वाटलं मी मावशींसाठी लिहिते आहे. बायका सोना झाल्या, अगदी मला हव्या तशा झाल्या. पण सोना झाल्यावर त्यांना कोणावर तरी राग काढायचा होता आणि मी तो माणूस तयारच ठेवला होता, नाव नसलेला, घर नसलेला. त्यांनी मावशींना सोडलं आणि रंजीताला धरलं. लिंबू टाकणारी आता टोपली उचलून देत नाही. माझ्या गोष्टीनं त्यांचं मन बदललं हे खोटं नाही. पण कोणालाही स्वतःकडे पाहावं लागलं नाही. मला तर नाहीच.

आता "पाठव" असं कसं लिहू?

कुंता

२२ जानेवारी

जया,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे. तरी पुढचं कळवते, कारण मावशींचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

मी गोष्टीचा नवा भाग लिहिला. शेजारणीला रेवा नाव दिलं. तिला घर दिलं, चूल दिली, मुलाचा सदरा दिला. सदरा रंजीताच्या बोलण्यातून घेतला होता, म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिवा. पण रंग निळा नोका लिवू. निळा त्याचा होता." मी पिवळा लिहिला. आणि तिसरी एक बाई आणली. त्या गावात सगळ्यांची मडकी एकाच भट्टीत भाजतात, आणि कोणाची मडकी आधी रचायची हे ती बाई सांगते. सोनाची मडकी ती बाहेर ठेवते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिचं नाव मी कुंता ठेवलं.

शुक्रवारी दिवाळी अंक घरी ठेवून नुसते कागद घेऊन गेले. आधीच सांगितलं, ही गोष्ट मी लिहिली आहे, सगळीच. कोणी मनावर घेतलं नाही. आचल म्हणाली, "वाचा तं खरं, मंग पाहू छापाच्या लायक हाये का." मी वाचलं. रेवाचा भाग होईपर्यंत चाकू चालू होते. कुंता आली आणि एकेक चाकू थांबला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं वाचता आलं नसतं.

संपल्यावर पहिल्यांदा आशाबाई बोलल्या. त्या खूप चिडल्या होत्या, पण मला वाटलं होतं त्या कारणानं नाही.

"म्हंजे सोना कुठीच नाई हाये?"

"नाही."

"मंग आमी रडलो कोणासाठी?"

आचल सासूला म्हणाली, "सोनासाठीच ना, मामीजी."

"चूप बस. मले वाटे ते बुढी खरंच हाये कुठीतरी. मी देवाजवळ तिच्यासाठी दिवा लावला. आन् हे," माझ्याकडे हात करून, "हे घरी बसून आमाले रडवाचा कार्यक्रम लिवे. नाव सोडलं हिनं, आन् शिव्या आमच्या तोंडून त्या पोरीले देववल्या."

त्यांचं खरं होतं. मी तसं म्हटलं. त्या आणखी चिडल्या. "हाव म्हणू नोका! हाव म्हणून मोकळ्या होता तुमी शिकलेल्या बाया." शिंगाड्याची टोपली तिथेच टाकून गेल्या. आणखी काही जणी त्यांच्यामागे गेल्या. जया, "हाव म्हणून मोकळ्या होता" हे मी त्या दिवशी डायरीत लिहिलं आणि पान तिथेच सोडलं. ही पत्रंही तशीच आहेत का? तुला सगळं सांगून मी मोकळी होते आहे का? असेल. मला ठरवता येत नाही.

संध्याकाळी दादाजीभाऊ आले. खुर्ची दिली तर उभेच राहिले. "पुढच्या खेपेले ढिगाईपाशी नाव दुसरं कोणी घेईन," म्हणाले. "तुमच्या मनात का चालते, आमाले उमगत नाई." मी बरं म्हटलं. मग मीच विचारलं, मीराबाई आल्या तर?

ते बराच वेळ तंबाखू मळत होते. "आली तं हाकलणार नाई. बोलावणारबी नाई."

"आणि वाटा?"

"घर उघडं असन तं वाटा पडन. बंद घराचा कसा पडन? पण लेकरं तिच्या ओट्यावर जातीन का, ते मी नाई सांगू शकत. माह्या घरचे नातू जाणार नाईत. खोटं कायले बोलू."

दुसऱ्या दिवशी शिंगाडे सोलायला आठजणीच होत्या. आशाबाई नव्हत्या. रंजीता आली. आचलनं आपलं बारदान तिच्याकडे सरकवलं आणि दोघी त्यावर बसल्या. मी वाचलं नाही, मला कोणी वाच म्हटलंही नाही. नुसते सोलत होतो.

कुंता

४ फेब्रुवारी

प्रिय जया,

तू खरं खरं विचारलं होतंस. उत्तर हे आहे. सुखानं, असं मी लिहू शकत नाही. मावशी आल्या तर घर त्यांचंच असेल, वाटा पडेल, कोणी हात उगारणार नाही. काही बायका पलीकडून चालतील. पोरं ओट्यावर येणार नाहीत, निदान इतक्यात. आशाबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण परवा तुमच्या घरासमोरून या बाजूनं गेल्या. मुद्दाम गेल्या की विसरून, मला सांगता येत नाही, आणि आता मी त्याचा अर्थ लावणार नाही. येणं न येणं मावशींनी ठरवावं. मी गावाला तयार करायला निघाले होते. तेवढं माझ्या हातात नव्हतं.

हे पत्र इथेच संपायचं होतं. पण काल रंजीता आली. यावेळी आत येऊन बसली.

"मले कोरपन्याले न्या," म्हणाली.

मला वाटलं माफी मागायला. तसं विचारलं.

"नाई. माफी कायची मागू? तुमाले खोटं नाई सांगत, मले अजूनबी कवा कवा वाटते का तिच्याच हातानं झालं. दिसा नाई वाटत. पहाटे जाग आली का वाटते. उजेड झाला का जाते." तिनं हातातली पिशवी मांडीवर घेतली. "पण रोशन त्या सांजले तिच्या ओट्यावर होता. खूप वेळ होता. मी सैपाकात होती. घरी आला तं मी म्हणलं, हात धू, जेव, झोप. माहं त्याच्यासंग एवढंच बोलनं झालं. बाकीची सारी सांज तिच्यापाशी हाये."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"तो तिच्यासंग का बोलला, कायले हासला, भूक लागली म्हणला का, ते मले पाह्यजे. ते दुसऱ्या कोणापाशीच नाई. तिनं त्याच्या कपाळावरून हात काऊन फिरवला, तो रडत होता का, का घाम आल्ता, हे फक्त त्या बुढीले माहीत हाये. मले आयकाचं हाये. मंग तिनं मले शिव्या देल्या तरी चालन."

मी म्हटलं, मावशी दार उघडतील की नाही हे मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "म्हणून तं पहिले लिवा. असंच जाऊन त्याईच्या दारात उभी नाई राह्यत मी."

म्हणून लिहिते आहे. माझ्यासाठी काही मागत नाही, आणि यात माझं काही धुतलं जाईल असंही समजत नाही. रविवारी, नऊ तारखेला, आम्ही सकाळच्या बसनं निघू, चंद्रपूरला बस बदलून दुपारपर्यंत पोचू. मी स्टँडवर बसेन. घरापर्यंत ती एकटी येईल. पोस्टकार्डावरचा पत्ता मी तिला लिहून दिला आहे आणि तिनं तो मला वाचून दाखवला.

मावशींना ही सगळी पत्रं वाचून दाखव, पाळीवरचं सगळं, माझं नावही. नको म्हणाल्या तर फोन कर, एकदाच. मी रंजीताला सांगेन आणि ती येणार नाही. आणि हो म्हणाल्या तर काही कळवू नकोस. रविवारी दुपारी दार कडी न लावता नुसतं लोटून ठेव.

कुंता